धानाला बांधलेली लाइव्ह कॅसेट

पाखरं हाकलायला म्हणून मी बहिणीच्या धानाभोवती कॅसेटची फीत बांधली, आणि ती चुकीच्या कॅसेटची बांधली.

चंद्रपुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना बारीक अक्षर वाचता यावं, यावर माझं घर चालतं. आणि मी कॅसेटवरचं लेबल न वाचता... असो. या कट्ट्यावर कोणी चकवा, पांढऱ्या साडीतली बाई वगैरे लिहिलं की खाली येऊन 'झोप कमी झाली असेल, चष्मा तपासून घ्या' म्हणणारा जो आगाऊ माणूस आहे, तो मीच. जुन्या मेंबरांना आठवत असेल. आज तुमची पाळी आहे. मनसोक्त हसा — पण आधी पूर्ण वाचा.

माझी मोठी बहीण, सुमनताई, पोंभुर्ण्याकडे दिलेली. तिचं वावर, म्हणजे शेत, अगदी जंगलाला टेकून. धान पिकायला आलं की पोपटांचे थवे उतरतात. त्यावर आमच्याकडचा जुना उपाय म्हणजे कॅसेटमधली फीत उसवायची, काठ्या रोवायच्या आणि वावराभोवती ताणून बांधायची. उन्हात चमकते, वारा लागला की घूं घूं करते, पाखरं बिचकतात. हल्ली कॅसेटच मिळत नाहीत. माझ्याकडे मात्र डबाभर पडल्या होत्या, हे ताईला पक्कं माहीत. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, की तो कचरा घेऊन ये.

डब्यात खरंच कचरा होता. कोणाच्या तरी बारशाचं रेकॉर्डिंग, घरबसल्या इंग्रजी शिका, लग्नातली गाणी... आणि एक कॅसेट, जिला घरात कोणी हात लावायचा नाही असा माझा नियम होता.

नागपूरला होस्टेलवर असताना रूम पार्टनरने ती आणली होती. एका जुन्या विलायती हार्ड रॉक बँडची लाइव्ह कॅसेट. दुकानात मिळणारी नाही — गर्दीतल्या कोणा पठ्ठ्याने खिशात रेकॉर्डर लपवून भरलेली, मग कॉपीची कॉपी होत होत आमच्यापर्यंत आलेली. त्या बँडचे स्टुडिओतले अल्बम आम्ही ऐकायचो, पण ते इस्त्री केलेल्या शर्टासारखे. लाइव्हमध्ये घाम होता. गिटारची तार उतरायची, गाणाऱ्याचा दम लागायचा, तो एक ओळ विसरायचा आणि समोरची सगळी गर्दी ती ओळ गाऊन द्यायची. दर वेळी अंगावर काटा. आणि एका जागी सगळं शांत व्हायचं, गिटार एकटी हळूहळू वाजायची, तेवढ्यात रेकॉर्डरच्या अगदी शेजारी उभा असलेला एक माणूस खोकायचा. दोनदा कोरडा, एकदा ओला. मग कोणी तरी हसायचं, ढोलावर दणका बसायचा आणि गर्दीचा आवाज फुटायचा.

त्या माणसाला आम्ही खोकलेकाका म्हणायचो. परीक्षेच्या काळात खोकलेकाकांचं दर्शन घेतल्याशिवाय कोणी पुस्तक उघडत नसे. आता फोनवर त्या बँडचे शेकडो लाइव्ह कार्यक्रम मिळतात, स्वच्छ, धुऊन काढलेले. मी सगळे ऐकतो. पण माझ्यासाठी ती गर्दी म्हणजे तीच गर्दी. खोकलेकाकांच्या मागे एक जागा आपली पण आहे, असं वाटायचं.

तर मी सकाळीच वावरात पोचलो, मोठ्या उत्साहाने कॅसेटी फोडल्या आणि चारी बाजूंनी फीत ताणली. भाऊजी म्हणाले, गड्याच्या वरताण काम केलं. दुपारी ते नाल्यापलीकडे बैल आणायला गेले. ताई नाल्याकडच्या बांधीत, म्हणजे खाचरात, लवकर पिकणारं हलकं धान कापायला बसली. मला काम दिलं फक्त एक — शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहायचं आणि सतत बोलत राहायचं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे एकट्या माणसाने वाकून कापणी करायची नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून एकाने कापायचं, दुसऱ्याने उभ्याने आवाज करायचा. गप्पा, गाणी, शिव्या, काहीही. वाघाला कळलं पाहिजे की इथे माणसं आहेत. त्या भागात वाघ फिरत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. बडबड करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, त्यामुळे ताई निर्धास्त होती.

मी बोलत होतो. दुकानातले किस्से सांगत होतो. बोलता बोलता रिकाम्या कॅसेटी पिशवीत भरत होतो. एक जरा ओळखीची वाटली म्हणून खिशातला चष्मा काढून लावला.

लेबलवर माझंच अक्षर होतं. 'हात लावू नये.'

माझी बोलतीच बंद झाली. मी धुऱ्यावर बसकण मारली आणि त्या रिकाम्या डबीकडे बघत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. वारा पूर्ण पडलेला. फीत काठ्यांवर निपचित लोंबत होती. ताईच्या विळ्याचा खर्र खर्र आवाज तेवढा चालू. ती पाठमोरी, वाकलेली.

आणि माझ्या कानाशी कोणी तरी खोकलं. दोनदा कोरडं, एकदा ओलं.

ताई पाठ सरळ करून उभी राहिली आणि वळली. "काऊन रे खोकलून राह्यला? पानी पी ना."

मी खोकलो नव्हतो. ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. कारण ताईच्या मागे, नाल्यावरच्या बेशरमच्या झुडपांत, वाघ होता. पोट जमिनीला लावून बसलेला. कान मागे. एवढा जवळ, की मला त्याच्या मिशा दिसत होत्या — आणि डोळ्यांवर चष्मा तर जवळचं वाचायचा होता! ओरडायचं होतं. ताई माझ्याकडे बघत होती, आणि मी नुसता तोंड वासून.

मग कोणी तरी हसलं. ताईने ते ऐकलं. तिने हसणाऱ्याला शोधायला मान फिरवली. ढोलावर एक दणका बसला, आणि त्या निपचित लोंबणाऱ्या फितीतून, चारी बाजूंनी, गर्दी उठली.

मी ती गर्दी वर्षानुवर्षं ऐकलेली आहे. त्यातली शिट्टी कुठे येते, बाई कुठे किंचाळते, सगळं पाठ. तीच होती. फक्त कॅसेटमध्ये ती लांब वाटायची, इथे ती आमच्यात उभी होती. वाघ उठला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं — त्याला कुठे पळावं कळेना, मी शपथेवर सांगतो — आणि नाला ओलांडून गेला. आवाज थांबला. पोपट तेवढे ओरडत राहिले.

भाऊजी धावत आले ते हेच विचारत, की मार्कंड्याच्या जत्रेएवढे लोक वावरात कुठून आले. म्हणजे ऐकलेलं मी एकट्याने नाही. नंतर वनरक्षक आला. त्याने दबलेलं गवत आणि पंजे बघितले, ताईकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, तुम्ही वेळेवर उभ्या झाल्या म्हणून वाचल्या. गोंगाटाचं विचारलं तर गावात ना लग्न, ना सभा, ना भोंगा. माझा फोन गाडीत होता. फीत वाऱ्याने वाजते हे मला मान्य आहे, लहानपणापासून ऐकतोय. पण वारा नव्हता. आणि वारा खोकत नाही.

मी त्या कॅसेटची फीत सोडवून आणली. पेन्सिल घालून गुंडाळली, तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली, एकाकडून जुना टेप मागून आणला. भाऊबीजेला ताई घरी आली, तेव्हा ओवाळणं झाल्यावर तिला म्हटलं, बस, ऐक.

उन्हाने आवाज दबला होता, पण बँड होता. तार उतरली, दम लागला. गाणारा ती ओळ विसरला... आणि पुढे कोणीच गायलं नाही. ओळ रिकामी गेली. शांत जागा आली. गिटार एकटी वाजली. खोकलेकाका खोकले नाहीत. दणका बसला, गाणं संपलं, आणि टाळी नाही, शिट्टी नाही. रिकाम्या मैदानात वाजवल्यासारखा तो बँड थांबला. एक गर्दी पुसली जाते आणि गिटारची बारीकशी तार राहते, हे कसं, ते नंतर कॅसेट दुरुस्त करणाऱ्या दोघांना विचारलं. दोघांनी मला झोपेबद्दल विचारलं.

त्या दिवशी टेप बंद करून मी ताईला म्हटलं, अगं, लोक होते यात. हजारो. कुठे गेले?

ताई करंजी खात होती. तिने ती आधी संपवली.

"एवढ्या दुरून थे लोकं आले माह्यासाठी," ती म्हणाली. "तू त धुऱ्यावरून हालला नाई."