धूळ नसलेला पंखा

आत्या वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, त्यामुळे तिचा कुणावर म्हणून विश्वास नाही. मला कॉम्प्युटर सपोर्टची डिग्री करायची होती, म्हणून कॉलेज बघायला ती सोबत आली. प्राचार्यांचं गोड बोलणं ऐकूनच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"लॅबला पाच वर्षं झाली, तरी बघा, नव्यासारखी!" ते म्हणाले.

आत्याने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि ते नको नको म्हणेपर्यंत एका मशीनचं झाकण उघडलंसुद्धा. आतल्या पंख्यावर धुळीचा कण नव्हता.

"चालणारा पंखा धूळ ओढतो, सर. मग पाच वर्षं पोरांना शिकवलंत कशावर?"

प्राचार्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे कीबोर्डचं मोठं चित्र टांगलेलं होतं. बोटं लागून लागून त्यावरची अक्षरं पुसली गेली होती.