रिकाम्या ओट्यावरची घोंगडी

शुक्रवार पेठेतल्या खडकसिद्धाच्या मठात मूर्ती नव्हती, समाधी नव्हती, पादुकाही नव्हत्या. एक अंधारी खोली, तिच्यात दगडी ओटा आणि ओट्यावर अंथरलेली काळी घोंगडी, एवढंच. धनगरांच्या या पंथाचा मूळपुरुष मेलाच नाही, रोज तिन्हीसांजेला येऊन तो ओट्यावर बसतो, असं सगळे मानत. जत्रेला नवी घोंगडी अंथरायची, चिंचोक्याची खळ दिलेली, पत्र्यासारखी ताठ. पुढच्या जत्रेला ती बाहेर काढली की मधोमध झिजून मऊ पडलेली असे. लोक ती झीज कपाळाला लावत आणि रडत.

झीज तात्याबाची होती.

तात्याबा मठाची झाडलोट करी. किल्ली त्याच्या कमरेला. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याचा एकुलता पोरगा सिदू गेला. पुढे एका संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तो ओट्यावर टेकला. घरी त्याला रडता येत नव्हतं, इथं आलं. मग रोज दिवा लावायचा, दार लोटायचं आणि पोराशी बोलत बसायचं. आधी त्याचा बाप राखणीला होता, तेव्हाही घोंगडी झिजायची. बाप कुणाशी बोलत असेल, हे मात्र तात्याबाने कधी मनात येऊ दिलं नाही.

त्याची बायको राजाबाई पेठभर सांगे, "माजा सिदू सिद्धाच्या मांडीवर हाय. झीज बगा की, दोगांचं वजन हाय तितं." या एका समजुतीवर ती बाई दोन घास खात होती.

एकोणीसशे तीसच्या सुमारास सात रस्त्याजवळच्या शाळेतले महिपती मास्तर मठाच्या अंगणात वाद घालू लागले. ते याच समाजातले.

"सिद्ध होऊन गेला याला पुरावा काय? शिलालेख नाही, सनद नाही. ओव्यांत म्हणावं तर सिद्ध आगगाडी अडवतो. सिद्ध चारशे वर्षांपूर्वीचा म्हणता, तेव्हा आगगाडी होती?"

पंचांतले हिंदुराव हसले. "मास्तर, तुमच्या पणज्याचा शिलालेख हाय का कुटं? मग तुमी आलात कुटनं?"

"माझा पणजा घोंगडी झिजवायला येत नाही, हिंदुराव. कुणीतरी बसतंय तिथं."

"कुलूप असतंय की."

"मग कुलपावर लाखेची मोहोर करू. वर्षभर दिवा दाराबाहेर. घोंगडी झिजली तर भर जत्रेत मिशी उतरवीन."

"लई बोललात. करा मोहोर."

तात्याबाने बोलायला तोंड उघडलं. समोर राजाबाई बसली होती, निर्धास्त. त्याने तोंड मिटलं.

त्या वर्षी राजाबाई रोज तिन्हीसांजेला बंद दाराला कान लावी. "बोलत्यात दोगं," म्हणत उजळल्या तोंडाने घरी येई. तात्याबा पुढ्यातल्या भाकरीकडे नुसता बघत राही.

जत्रेला मोहोर फोडली. घोंगडी उन्हात आली. खळ तशीच कडक, लोकर उभी, घडीची रेघसुद्धा मोडलेली नव्हती.

"शंका घेतली मास्तरनं," हिंदुराव म्हणाले. "सिद्ध उठून गेला."

राजाबाई उभी राहिली. "उठून गेला? मग माजा सिदू? त्याला कुटं नेलं?"

जिंकलेले मास्तर मान खाली घालून जमीन बघत होते. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत फिरू लागली, तेव्हा तात्याबाला राहवलं नाही.

"कुणी उठून गेलं न्हाय, राजा. तितं मी बसत हुतो. माज्या आदी माजा बा."

कुणीतरी थुंकलं. हिंदुरावांनी हात पुढे केला; तात्याबाने कमरेची किल्ली सोडून दिली. त्या क्षणी त्याची राखण गेली आणि पंगतीतली जागाही. लोक त्याच्यापासून लांब सरकले.

राजाबाई मात्र जवळ आली.

"रोज बसत हुता?"

"रोज."

"सिदूसंगं बोलत हुता?"

"व्हय."

"मी घरात एकलीच हुते की. मला का न्हाय हाक मारली?"

माणसं पांगली, मास्तरही गेले. ती उत्तरासाठी उभीच होती.