कुलरसमोर वाळलेला नारिंगी

“हे संत्रं हाये का लिंबू? सांगा ना! आं?”

अमरावतीचे संत्र्याचे व्यापारी शेठ माझ्या अकोल्याच्या छापखान्यात असे ओरडले, की मूर्तिजापूर स्टेशनावरची गाडी शिट्टी समजून सुटली असेल. एका हातात आम्ही छापलेलं पेटीवरचं लेबल, दुसऱ्यात खरं संत्रं. लेबलाला कावीळ झाली होती, हे खरंच.

“नागपूरचा छापखानावाला म्हणते तुमची मशीन म्हातारी झाली. अन् अकोल्याच्या उन्हात रंग टिकतच नाही म्हणते. मी चाललो त्याच्याकडे.”

शेठ गेले तर बहाराचं सगळं काम गेलं. पण मला जास्त झोंबलं ते उन्हाचं. नागपूरवाल्याचं ऊन काय फ्रिजमधून येतं?

“बसा शेठ. संत्रं इथंच ठेवा. याच मशीनवर, याच उन्हात हाच रंग काढतो. नाही निघाला तर मशीन तुमच्या बागेत पुरतो, झाडाले खत होईन!”

मशीनला रंग शिकवायची आमची रीत साधी. रंगीत चौकोनांचा एकच चार्ट तीनदा छापायचा, वाळला की चौकोन न् चौकोन रंग मोजायच्या मीटरने मोजायचा आणि तिन्हींची सरासरी संगणकाला द्यायची. त्यावरून तो ठरवतो, कुठं शाई सोडायची, कुठं हात आखडायचा. हे लेबल छापण्याच्या आदल्या दिवशी माझ्या भागीदाराने मोजलं आणि थेट सरासरी काढून मोकळा झाला. मी आता तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी लावले. पहिले दोन जुळे भाऊ. तिसऱ्यातला नारिंगी मात्र काळवंडलेला, जणू भर उन्हात हिवरखेडला पायी जाऊन आला.

“भाईजान, हा तिसरा वाळवला कुठं?”

“कुलर के सामने,” भागीदार म्हणाला. “गरम निकला ना बेचारा. म्हटलं, थोडी हवा खाऊ दे.”

घ्या! आमच्याकडे पाहुणा येवो की कागद, आधी कुलरसमोर बसवतात. ओल्या हवेनं कागद फुगला, शाई पसरली, नारिंगी गडद झाला. तो सरासरीत शिरला आणि संगणकाला वाटलं, ही मशीन नारिंगी गडदच छापते. म्हणून त्याने नारिंगीतली लाल शाईच कमी सोडली आणि संत्र्याचं लिंबू झालं.

“पण भाऊ, तिसरा काढला तर सरासरी लंगडी होईन ना?” भागीदाराने विचारलं.

“नवा तिसरा छापू. पण भिजलेल्याचं मत मी घेत नाही!”

नवा चार्ट कुलरपासून लांब, कपाटात वाळवला. शेठना चहावर चहा पाजला. या वेळी आधी तिन्ही पडताळले, मग सरासरी काढली. नवं लेबल निघालं. शेठनी संत्रं त्यावर ठेवलं, तर ते असं हरवलं की शेठ टेबलाखाली शोधायला वाकले.

“आता सांगा त्या नागपूरवाल्याले!” मी गरजलो. “मशीन अकोल्याची, ऊन अकोल्याचं! अन् रंग पाहून घे म्हणा!”

शेठनी संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि कुलरकडे पाहिलं.

“छापा मंग,” ते म्हणाले. “पण कुलर बंद ठेवा.”