बाइंडिंगला गेलेली पुस्तकं

पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायचा, वरच्या पुस्तकावर तळहात दाबून धरायचा आणि माझ्याकडं न बघता म्हणायचं, "ह्ये वाचू नगासा, सर. मी वाचलंय तेवढं बास."

चाचांची ही रीत. कोल्हापुरात, पेठेतल्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो त्याच आठवड्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि पुढं सव्वीस वर्षं ऐकत राहिलो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण पेठेत ते कुणीच घेत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते चाचा. काम बाइंडिंगचं. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत एका खोलीचं दुकान, त्यात खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत आणि खिडकीपाशी बसायला पाट. दुकानाच्या वर घर.

तुम्ही एखाद्या जुन्या वाचनालयाचे सभासद असाल तर तुम्हाला माहीत असेल, नवं पुस्तक आलं तसं कपाटात जात नाही. चार घरी फिरलं की पानं सुटतात, म्हणून आधी ते बाइंडरकडं जातं, नीट शिवून, जाड पुठ्ठा चढवून येतं आणि मग सभासदांच्या हाती पडतं. म्हणजे आमच्याकडं येणारी प्रत्येक नवी कादंबरी, प्रत्येक आत्मचरित्र सगळ्यांच्या आधी चाचा वाचायचे. आणि वाचून झाल्याशिवाय सुईत दोरा ओवायचे नाहीत. इकडं सभासद माझ्या डोक्यावर बसायचे. मी म्हणायचो, बाइंडिंगला गेलंय. खरं तर ते चाचांच्या मांडीवर उघडं असायचं.

"चाचा, पंधरा दिवस झाले. लोक बोंबलायला लागलेत."

"बोंबलू द्यात की. शंभर पानं ऱ्हायल्यात. आत्ता कुठं त्येच्यात जीव आलाय."

मतं तर अशी, की ऐकून लेखकानं पेठेतून मागच्या दारानं निघून जावं. पुण्यातल्या एका नवरा-बायकोच्या काडीमोडीवरची कादंबरी आली होती, बऱ्यापैकी गाजलेली. चाचा म्हणाले, "दोनशे पानं दोघं नुसती बोलत्यात. घरातली भांडी कोण घासतंय ते शेवटपातूर कळत न्हाय." यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी पुस्तकं तर तेव्हा आठवड्याला एक यायची. त्यातलं एक बोटाच्या चिमटीत धरून ते म्हणाले, "पहाटं पाचला उठा म्हणतोय. मी पन्नास वर्सं उठतुया. त्यो म्हणतोय ते अजून व्हायचंय." एका निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र परत देताना त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "ह्या मानसानं जल्मात एक बी चूक केली न्हाय. सगळ्या चुका शिपायानं केल्यात." पावसावरचं एक ललित पुस्तक त्यांनी माझ्यापुढं जवळजवळ आपटलंच. "ह्येनं पाऊस खिडकीतनं बघितलाय. माझी भन चंदगडला दिलीया. चार म्हैनं तिथं कापडं वाळत न्हाईत. त्येच्यावर एक अक्षर हाय का बगा."

चांगल्या पुस्तकासाठी मात्र त्यांच्याकडं फार शब्द नव्हते. ते गठ्ठ्यातून बाजूला काढायचे, बाहीनं पुसायचे आणि म्हणायचे, "ह्ये ठेवा." संपलं. सव्वीस वर्षांत मी 'ठेवा' फार वेळा ऐकलं नाही.

आता एक कबुली द्यायला हवी. मी स्वतः वाचत नव्हतो. नोकरीची पहिली चार-पाच वर्षं वाचलं, भरपूर वाचलं. मग नोंदी आल्या, अहवाल आले, कमिटीच्या बैठका आल्या. छत गळायचं, वाळवी लागायची, स्पर्धा परीक्षेची पोरं पंख्याखालच्या जागेवरून भांडायची. दिवसभर पुस्तकांची धूळ नाकात गेल्यावर घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडायचं जिवावर येई. उघडलं तरी दहाव्या पानावर डोळे मिटायचे. पेढेवाला पेढा खात नाही, तसंच काहीसं. मी थकलो होतो, आणि कशानं ते धड सांगताही यायचं नाही.

पण सभासद विचारणारच, "सर, हे कसं आहे?" ग्रंथपालाला मत नाही असं कसं चालेल? मग मी चाचांचं मत द्यायचो, जरा शुद्ध करून. "लेखकानं पाऊस खिडकीतून पाहिलेला दिसतो." समोरचा मान डोलवायचा. असं करता करता माझं वाचन दांडगं म्हणून पेठेत नाव झालं. एका शाळेनं मला वाचनाचं महत्त्व सांगायला बोलावलं आणि मी फेटा बांधून घेऊन, नारळ घेऊन परत आलो.

एकदा रंगेहाथ सापडलो. आमच्याकडं एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांना मी भांडी घासण्याचं ते वाक्य ऐकवत होतो. त्या म्हणाल्या, "किती वेगळा विचार करता हो तुम्ही!" मी हसून वर बघतो तर दारात चाचा, काखेत गठ्ठा. चाचांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्या बाईंना म्हणाले, "सर म्हणत्यात ते बरोबर हाय बगा. मी बी त्येंच्याकडनंच शिकलोय." आणि निघून गेले. त्यांच्याशी यावर मी कधी बोललो नाही, तेही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मला त्यांच्याकडं सरळ बघणं जड जाऊ लागलं.

तीन वर्षांपूर्वी कमिटीनं बाइंडिंग बंद केलं. पुस्तकं आता दुकानातूनच प्लॅस्टिकचं कव्हर घालून येतात, आणि वाचणारे तरी किती उरलेत, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. चाचांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली खळ फडक्याला पुसली आणि नुसतं "बरं" म्हणाले.

"चाचा, तुम्ही सभासद व्हा. मी आजच कार्ड करून देतो."

"न्हाय, सर. मी काय वाचणारा न्हवं, मी बांधणारा. हातात काम आसलं म्हंजे वाचणं हुतंय. नुसतं वाचत बसलो तर घरातली म्हणतील, म्हातारा आळसावला."

मी खूप आग्रह केला. ते ऐकले नाहीत. पुढचे दोन महिने माझ्या टेबलावर मतं आली नाहीत. सभासदांनी विचारलं की मी प्रत्येक पुस्तकाला "बरं आहे" म्हणायचो. त्या शिक्षिका एकदा म्हणाल्या, "सर, तब्येत बरी आहे ना?"

शेवटी एके दुपारी मी कपाटामागं गेलो, नवी कोरी कादंबरी मधोमध उघडली आणि दोन्ही हातांनी टरकावली. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मी लोकांना चारचौघांत झापलेलं आहे. तोच मी. फाटलेलं पुस्तक घेऊन चाचांकडं गेलो आणि म्हटलं, "पानं सुटलीत, तेवढी शिवून द्या."

चाचांनी ते उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"वाचून फाटल्यालं पुस्तक असं फाटत न्हाय, सर. ते हळूहळू ढिलं पडतंय. ह्येला कुणीतरी मारलंय."

चाचांनी पुस्तक पाटाशेजारी ठेवलं. "ऱ्हावू द्या हितं," ते म्हणाले, "पर फुडच्या येळंला वाचून फाडा."

त्यानंतर मी खरोखर ढिली झालेली पुस्तकं धुंडाळून त्यांच्याकडं नेऊ लागलो. महिन्याला दोन-तीन निघायची. कमिटीला पत्ता नव्हता. कुणी विचारलंही नसतं.

गेल्या वर्षी साखरेनं चाचांचे डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. मी भेटायला गेलो तेव्हा ते माडीवर खाटेवर बसले होते आणि उशाशी मीच दिलेली एक कादंबरी होती. राधानगरीकडच्या एका बाईची गोष्ट. तिचं भावाशी भांडण झालेलं असतं आणि वीस वर्षांनी ती माहेराकडं निघते.

"चाळीस पानं ऱ्हायली हुती," चाचा म्हणाले, "आन डोळ्यांनी दगा दिला. भावानं तिला घरात घेटलं का न्हाय, तेवढं सांगा. तुमी वाचलंच आसंल."

"घेतलं की," मी म्हणालो. एवढ्या वर्षांची सवय, जीभ अडखळली नाही. "भाऊ दारातच रडला. दोघंही रडली."

चाचा हसले. "ह्यो शेवट त्या बुकातला न्हाय, सर."

"कशावरून?"

"त्यो भाऊ रडणाऱ्यातला न्हाय. अडीचशे पानं वळखतुया मी त्येला." मग हातानं चाचपून त्यांनी पुस्तक उचललं आणि माझ्या दिशेला धरलं. "सव्वीस वर्सं माझं मत ऐकून घेटलंय तुमी, आन पेठंला बी ऐकवलंय. मला त्येचा राग न्हाय. पर एकदा तुमचं सांगा की. ह्ये न्या, वाचा, आन काय वाटलं ते मला येऊन सांगा. ठेवा म्हणा, न्हायतर टाका म्हणा. पर तुमचं म्हणा."

लाज वाटली. बरंही वाटलं. पुस्तक घेऊन आलो आणि ते माझ्याच्यानं वाचवेना. दोन पानं झाली की डुलकी लागायची. मग ऑडिट आलं, मग पायाचं दुखणं निघालं. चाचांच्या घरावरून जायला नको म्हणून मी लांबच्या रस्त्यानं वाचनालयात जाऊ लागलो. महिना गेला, दीड महिना गेला. मग दहा दिवसांसाठी मुलीकडं जयसिंगपूरला गेलो तेव्हा पुस्तक पिशवीत टाकलं. तिथं काही काम नव्हतं. साठाव्या पानाच्या आसपास मला त्या बाईचा राग आला. शंभराव्या पानावर भावाचा आला. मुलगी जेवायला हाका मारत होती आणि मी "आलो, आलो" म्हणत पानं उलटत होतो. किती वर्षांनी असं झालं कुणास ठाऊक.

शेवट असा होता. भाऊ दार उघडतो, बहिणीकडं बघतो, काही न बोलता आत जातो आणि दार उघडंच ठेवतो. बास. पुस्तक तिथंच संपतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कोल्हापूरला उतरलो तो घरी न जाता थेट चाचांच्या गल्लीत गेलो. दुकान बंद होतं. माडीवर त्यांची सून होती. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सांगितलं, चाचांना जाऊन आठ दिवस झाले.

तिनं चहा दिला. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढं ठेवलं.

"त्यांना शेवट सांगायचा होता. राहून गेला."

तिनं पुस्तक हातात घेतलं. "शेवट तर मीच वाचून दाखिवला की अब्बांस्नी. डोळं गेलं त्याच आठवड्यात. दोनदा वाचून घेटला माझ्याकडनं."

"म्हणजे मला विचारलं त्याच्या आधी?"

"व्हय की."

"मग मला कशाला विचारलं?"

"काय की, सर. रोज मातूर विचारायचे, सर आलं काय? म्हणायचे, सरास्नी काय वाटतंय बघू."

मी चहा संपवला. पुस्तक मला मुळीच आवडलं नव्हतं. लेखिकेनं अडीचशे पानं आपल्याला वणवण फिरवलं आणि ऐन वेळी सोडून दिलं, असं माझं ठाम मत होतं. चाचा त्यावर काय म्हणतील, मग मी काय म्हणायचं, हे सगळं मी एसटीत वाक्यावाक्यानं ठरवत आलो होतो. त्यांनी 'ठेवा' म्हटलं असतं, याची मला खात्री होती. मी 'टाका' म्हटलं असतं, आणि चाचा खाटेवर उठून बसले असते. सव्वीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडलो असतो.