म्हशींनी तुडवलेला बांध

कुंडीसाठी चिकणमाती भिजवली की तिच्या वासासरशी मला हलगी ऐकू येते. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या ओढ्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या पैशानं मातीचा बांध घातला होता. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या महिनाभर आधी त्याच्या बुडातून गढूळ पाणी झिरपायला लागलं. नितळ पाझराचं भय नसतं, पण गढूळ म्हणजे आतली माती चाललेली, आणि खाली सगळ्या गावाचा ऊस उभा. सासऱ्यांनी साठा सोडून दिला, पोखरलेला भाग खणून नवी चिकणमाती भरली; पण ती दाबायला रोलर कुठून आणायचा? पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, गोंडे बांधलेल्या म्हशी हलगीवर देवळाकडं निघाल्या, तशा सासूबाई वाटेतच आडव्या उभ्या राहिल्या. "आधी माझ्या बांधावर मिरवा की! त्यो फुटला तर देवळात बी पाणी शिरंल!" गवळी हसत सुटले, पण म्हशी वळवल्या. दिवसभर नव्या मातीवर म्हशींच्या येरझाऱ्या, आम्हा बायकांचा गुलाल, आणि सासऱ्यांची आरोळी, "हिकडं बी एक फेरी!" पुढच्या पावसात बांध काठोकाठ भरला, तेव्हा बुडाला हात लावून सासूबाई ओरडल्या, "कोरडा हाय!" पन्नासएक वर्षं झाली, आता ते शेत दुसऱ्याचं आहे, पण पाडव्याच्या म्हशी अजून बांधावरूनच देवळाला जातात, आणि नव्या मालकाला वाटतं, ही गावाची फार जुनी रीत असणार.