भरड्यातली बुरशी

मका काढायला आला आणि परतीचा पाऊस ठाण मांडून बसला. मलकापूरच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला आमचं रान आहे. कणसं ताटावरच भिजली. मोडून आणली ती व्हरांड्यात पसरली, पंखे लावले, दोन्ही हातांनी वरखाली केली. शेवटी कंटाळून मशीनवर दाणे करून घेतले आणि पोती भरली. नवरा कोयनानगरला वीज प्रकल्पावर कामाला, सुट्टीपुरता घरी येणार. त्यामुळं गोठा म्हणजे मी आणि सासूबाई. दोघींनी पोती ओढत नेऊन पत्र्याच्या खोलीत भिंतीला लावली. एक काम उरकलं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

त्याच मक्याचा गिरणीतून भरडा काढून आणायचा आणि धारेच्या वेळी गाईंना घालायचा, असं चाललं होतं. भरडा पिवळाच दिसायचा. दाणा आतून काळा पडलाय का हिरवा, हे दळल्यावर कुणाला कळणार? थोडा कुबट वास यायचा खरा. पण त्या ओल्या दिवसांत आमच्या गोधड्यांनाही तसाच वास येत होता.

पहिल्यांदा तोंड फिरवलं ते कपाळावर पांढरा टिळा असलेल्या गाईनं. ती गाभण होती, सातव्या महिन्यात. गव्हाणीत तोंड घालायची, हुंगायची आणि मान वर करून नुसती उभी राहायची. सासूबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायच्या, "खा गं बाई, पोटात वासरू हाय तुज्या." मग भरड्यावर गुळाचं पाणी शिंपडायच्या. तेवढ्यापुरती ती खायची.

हळूहळू सगळ्याच गाईंचं दूध उतरलं. अंगावरचे केस राठ झाले, शेण पातळ पडायला लागलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पोटात जंत असतील. आम्ही मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि जंताचं औषधही पाजलं. डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शनं देऊन गेले. फरक पडेना. वैरण कापायची तेवढीच, शेण भरायचं तेवढंच, आणि बादलीत दूध मात्र तळाला. धार काढताना गाईच्या कुशीला कपाळ टेकलं की माझे डोळे आपोआप मिटायचे. सासूबाई पलीकडच्या गाईखालून हाक मारायच्या, "झोपलीस का गं?" मी "न्हाई" म्हणायचे आणि पुन्हा हात चालू करायचे.

एका सकाळी गोठ्यात गेलो तर टिळ्याची गाय गाभडलेली. वासरू मागं पडलं होतं, ओलं, केसही नीट न आलेलं. गाय त्याला चाटत होती. सासूबाई खाली बसल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. गाय गोणपाट चाटायला लागली. ते बघवेना म्हणून मी डॉक्टरांना फोन लावायला बाहेर आले.

डॉक्टर आले. या वेळी त्यांनी गाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बराच वेळ बघितलं. आतली कड हळदीसारखी पिवळी होती.

"लिव्हर बिघडलंय हिचं," ते म्हणाले. "खायला काय घालताय? मला सगळं दाखवा."

मी पत्र्याची खोली उघडली. त्यांनी वरची पोती बाजूला करायला लावली आणि भिंतीला टेकलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत मका गरम लागत होता. त्यांनी मूठ बाहेर काढली तेव्हा दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला होता आणि त्याला करडी-हिरवी लव आली होती.

"वाळवून घालू की वो डाक्टर," सासूबाई म्हणाल्या. "आता ऊन पडतंय चांगलं."

"मावशी, उन्हानं बुरशी वाळेल. पण तिनं दाण्यात सोडलेलं विष जात नाही. धुतलं, शिजवलं, तरी राहतं. याची तपासणी करून घेऊ, पण रिपोर्टची वाट बघू नका. आजपासून हा मका बंद."

"आणि दूध?" मी विचारलं.

ते बॅग आवरता आवरता थांबले. "दुधातनंही उतरतं थोडं. साफ खाणं सुरू केलं की काही दिवसांत निघून जाईल. तोवर डेअरीला घालू नका. घरातही नको."

आजवर घातलेल्या दुधाचं काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

धार न काढून चालत नाही, कास सुजते. म्हणून रोज पहाटे उठायचं, गाई धुवायच्या, धारा काढायच्या आणि निघेल ते दूध उकिरड्यात नेऊन ओतायचं. सासूबाईंना ते जमायचं नाही. आयुष्यभर सांडलेला दुधाचा थेंबही बोटानं टिपून कपाळाला लावणारी ती बाई. मी बादली उचलली की त्या पाठ करून खराटा हातात घ्यायच्या.

मका पुरायचा असं ठरलं होतं. खड्डा खणायला माणूस मिळेपर्यंत आम्ही पोती बाहेर काढून ठेवली होती. त्याच दिवशी दुपारी अक्का आली. माझी मोठी बहीण, कवठे महांकाळकडं दिलेली. तिच्या रानात त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. आमच्याकडं मका सडत होता तेव्हा तिच्याकडं वैरणीचं पेंडकंही नव्हतं. मी फोनवर सहज बोलून गेले होते की मका टाकून देणार आहोत. तेवढ्यावर ती दिराची पिकअप घेऊन एवढ्या लांब आली होती.

पाणीसुद्धा न पिता ती पोत्यांपाशी गेली. "टाकून द्यायला काय झालंय ह्याला? वरचा चांगला दिसतोय की."

"अक्का, विषारी हाय तो. गाय गाभडली आमची."

"म्हशीला न्हाई घालत. शेरडांना घालीन, कोंबड्यांना घालीन. निवडून घालीन गं."

"निवडून जात न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती माझ्याकडं वळली. उन्हातनं आलेली, ओठ सुकलेले. "तुमच्याकडं पाणी हाय, बाई. तुमास्नी टाकून द्यायला परवडतंय. माजी शेरडं काटक्या खात्यात. तुला दिसत न्हाई म्हणून तू बोलतीस."

तिनं पोत्याचे कान धरले आणि ओढत गाडीपर्यंत नेलंसुद्धा. तेवढ्यात सासूबाई गोठ्यातनं आल्या. त्यांच्या हातात विळा होता. विळ्याचं टोक घालून त्यांनी पोत्याची शिवण उसवली. मका चिखलात सांडला. मग दुसरं पोतं, तिसरं. शेवटी शेणकाल्याची बादली आणून सगळ्यावर ओतली. वाकल्या होत्या त्या उठता उठेनात, मी हात दिला तेव्हा सरळ झाल्या.

अक्का तिथंच उभी. "आत्या, हे काय केलंसा?" एवढंच म्हणाली आणि पिकअपच्या चाकाला टेकून रडायला लागली. मका गेला म्हणून ती रडत नव्हती, हे मला कळत होतं. पण जवळ जायचं धैर्य झालं नाही.

सासूबाईच तिच्याजवळ जाऊन बसल्या. "पोरी, ते नेलं असतंस तर तुज्या दावणीला मी काय तोंड दाखवलं असतं? आमच्या वरच्या रानात ऊसतोड चालू हाय. वाडं हाय हिरवंगार. गाडी भरून ने."

वाडं म्हणजे उसाचे शेंडे. आम्ही तिघींनी मिळून भारे बांधले आणि पिकअपमध्ये रचले. उसाच्या पातीनं हात कापत होते. अक्कानं चहा घेतला नाही. सासूबाईंच्या पाया पडली, माझ्याकडं न बघता गाडीत बसली.

टिळ्याची गाय त्याच आठवड्यात गेली. भर दुपारी बसली ती उठलीच नाही. रिपोर्ट नंतर आला, डॉक्टर म्हणाले तेच त्यात होतं. बाकीच्या गाई नव्या खाण्यावर सावरल्या, पण पूर्वीसारखं दूध कुणाला आलं नाही. एक अजूनही उलटते, गाभण राहत नाही.

अक्काचा फोन बरेच दिवस नव्हता. आला तो आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं ठरवायला. सांगलीला न्यायचं का मिरजेला, सोबत कोण राहणार, असं सगळं बोलणं झालं. मक्याचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. फोन ठेवताना मात्र ती म्हणाली, "आत्यांची कंबर कशी हाय?" मी म्हटलं, "हाय तशीच."

नवरा आता दर सुट्टीला म्हणतो, गाई विकून टाकू, तुम्हा दोघींना झेपत नाही. खरंच झेपत नाही. तो बोलत असतानाच धारेची वेळ होते आणि आम्ही दोघी उठून बादल्या विसळायला जातो.