ठेका सुटला तेव्हाचा फोटो

बाबांचा पाय मोडला त्या हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वडशात आमचा छोटा स्टुडिओ होता आणि एका नाटक कंपनीचं अख्ख्या सीझनचं काम आमच्याकडे असायचं. घर त्यावरच चालायचं. कंपनीच्या मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बजावलं, "हिरो-हिरोईनचे फोटो पायजे. रोल वाया घालवू नको. एक गडबड झाली का मी दुसरा फोटोवाला पाहतो." मला असा राग आला! पण गिळला आणि कॅमेरा उचलला.

पहिलाच प्रयोग पोंभुर्ण्याकडच्या एका गावात, मंडईच्या जत्रेनिमित्त होता. स्टेजसमोरच्या खड्ड्यात वादक बसतात. ऑर्गन, तबला, क्लॅरोनेट. मीही तिथेच एका कोपऱ्यात ठाण मांडलं, कारण तिथून नट छान दिसायचे. पण खरं सांगते, तासाभरात मला नटांचा कंटाळा आला. तबलजी वयस्क होते. गळ्यात मफलर, डोळे मिटलेले, जीभ दाताखाली धरलेली, पाटीवर लिहिणाऱ्या पोरासारखी. बोटं मात्र अशी चालायची की नजर हलेना. मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

नेमके तेव्हाच त्यांनी डोळे उघडले. समोर कॅमेरा पाहिला आणि चक्क तबल्यावरचे हात काढले, मफलर नीट केला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि ताठ बसून भिंगात पाहू लागले. फोटो म्हणजे असंच बसायचं असतं ना! मीही खुळ्यासारखं बटण दाबलं. वर हिरो पद गात होता, तो ठेका शोधत मधेच अडकला. मंडपभर शिट्ट्या वाजल्या.

अंक संपताच मालक तरातरा आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या पोरीनं काही केलं का?"

तबलजी लगेच उठले. "नाई मालक. माह्या हाताले गोळा आला. तिचं काई नाई."

मग हिरो त्यांच्यावर तुटून पडला. म्हातारा झालास, घरी बस, कंपनीनं आता दुसरा तबलजी पाहावा, काय काय बोलला. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि मी गप्प उभी. ते गप्प राहणं आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

नंतर चहा पिताना मी विचारलं, "भाऊ, काऊन खोटं बोलले?"

"इतकी वर्सं या खड्ड्यात बसून राह्यलो, पोरी. आमच्याकडं कोणी कॅमेरा वळवलाच नाई. तू वळवला. मंग तुलेच कसा अडकवू?"

त्या वेळी मी त्यांचे साधे आभारही मानले नाहीत. आता मनातल्या मनात रोज मानते.

दोन दिवसांनी डार्करूममध्ये तो फोटो कागदावर उमटला. हात मांड्यांवर, चेहरा नवरदेवासारखा गंभीर, मागे स्टेजच्या कडेला गाणारा हिरो. हाताला गोळा आलेला माणूस असा बसत नाही, हे कोणालाही कळलं असतं. फोटो दडवला तर आमचं काम शाबूत राहणार होतं. पण मालकांनी नव्या तबलजीची चौकशी सुरू केल्याचं कानावर आलं होतं.

मी तो फोटो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि मालकांसमोर सगळं सांगून टाकलं. "त्यांचा हात ठणठणीत आहे. कॅमेरा मी वळवला, चूक माझी." मालकांनी फोटो उचलून उजेडात धरला. मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "बुढा फोटोसाठी थांबला!" तबलजी राहिले, आमचं कामही राहिलं. फक्त खड्ड्यात बसायची मला बंदी झाली, आणि ती रास्तच होती.

फोटो द्यायला गेले तेव्हा तबलजी माझ्यावरच चिडले. "खरंच सांगायचं होतं तं मी फुकटच शिव्या खाल्ल्या का वं?"

मी त्यांच्या पाया पडले. "तुमी शिव्या खाल्ल्या नसत्या तं मी तोंड उघडलंच नसतं, भाऊ."